हाड, वीज आणि चुंबक



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते विज्ञान शिकवायचे. प्रयोगवहीत जे दिसलं तेवढंच लिहायचं, हवं होतं ते लिहायचं नाही, असा त्यांचा दंडक होता, असं त्यांचे विद्यार्थी आजही सांगतात. म्हणून मी मुद्दाम असा विषय निवडला, जिथे दिसलं तेवढंच लिहिणं फार अवघड जातं. चुंबक आणि हाड.

‘चुंबकानं हाड लवकर जुळतं का हो, डॉक्टर?’ हा प्रश्न अस्थिरोगतज्ज्ञाला वरचेवर ऐकावा लागतो. विचारणारा माणूस बहुधा थकलेला असतो. अपघातात नडगी मोडलेली, आत सळई घातलेली, सहा-आठ महिने उलटलेले. दर वेळी एक्स-रे काढायचा आणि दर वेळी ‘अजून धरलं नाही’ एवढंच ऐकून घरी जायचं. कामावर रजा संपत आलेली असते. अशा वेळी कुणी नातेवाईक चुंबकाचा पट्टा आणून देतो, कुणी कुठल्याशा मशीनची जाहिरात पाठवतो. त्या माणसाला ‘हो, बांधा’ म्हणणं सोपं आहे. ‘छे, सगळं थोतांड’ म्हणणंही तितकंच सोपं आहे. पण दोन्ही उत्तरं अपुरी आहेत, आणि अपुरं उत्तर घेऊन त्यानं दवाखान्यातून जावं हे मला पटत नाही. आज पुरेसा वेळ आहे, तर पुरं उत्तर देऊ या.

मी आधी हाडाबद्दल बोलेन, मग विजेबद्दल, मग चुंबकाबद्दल. आणि सगळ्यात जास्त वेळ घेईन तो एका साध्या प्रश्नासाठी: उपचार लागू पडला, हे ठरवायचं कसं?

हाड म्हटलं की शाळेतला सांगाडा आठवतो. कोरडा, पिवळट, मेलेला. जिवंत हाड तसं नसतं. त्यात रक्तवाहिन्या असतात, मज्जातंतू असतात, पाणी असतं, आणि सतत राबणाऱ्या पेशी असतात. काही पेशी जुनं हाड कोरून काढतात, काही त्या जागी नवं घालतात. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा हिस्सा दर वर्षी असा नव्यानं घडतो. तिसऱ्या जातीच्या पेशी हाडाच्या आतच राहतात, अतिसूक्ष्म नळ्यांमधून एकमेकींशी जोडलेल्या असतात, आणि संख्येनं त्याच सर्वांत जास्त असतात. हाडावर भार किती पडतो, कुठून पडतो, हे त्या टिपतात आणि बाकीच्यांना कामाला लावतात.

हाड भाराप्रमाणे स्वतःची घडण बदलतं, हे बर्लिनचे शल्यविशारद युलियस वोल्फ यांनी १८९२ साली ग्रंथ लिहून मांडलं. टेनिस खेळणाऱ्याच्या रॅकेट धरायच्या हाताचं हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड असतं. उलट, अवकाशात राहणाऱ्या अंतराळवीरांच्या खुब्यातलं आणि कण्यातलं हाड महिन्याला एक ते दीड टक्क्यानं घटतं, कारण तिथे पायावर भारच पडत नाही. प्लास्टर काढल्यावर मुलाची पोटरी बारीक झालेली तुम्ही पाहिली असेल. आतलं हाडही विरळ झालेलं असतं, ते फक्त डोळ्यांना दिसत नाही.

आणि मोडलेलं हाड? त्वचा कापली तर व्रण राहतो. हाडाचं तसं नाही. आधी मोडल्या जागी रक्ताची गाठ होते, सूज येते, मग मऊ कूर्चेसारखी जोडणी तयार होते, तिच्यात चुना भरतो, ती कडक होते, आणि पुढे महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं, तिला घासून-पुसून मूळ आकार येत राहतो. अखेर तिथे हाडच असतं, व्रण नसतो. शरीरात असं फार थोड्या ठिकाणी घडतं. इतकी वर्षं एक्स-रे पाहिल्यावरही मला याचं नवल वाटतं, आणि ते वाटत राहावं अशीच माझी इच्छा आहे.

मग प्रश्न असा की भार पडला हे हाडाला कळतं कसं? पेशीला डोळे नाहीत, वजनकाटा नाही. तिच्यापर्यंत निरोप पोचतो तो कोणत्या रूपात?

याचं एक उत्तर जपानमधून आलं. महायुद्धानंतरच्या काळात क्योतोचे अस्थिशल्यविशारद इवाओ यासुदा हाडं वाकवून त्यांच्यावरचा विद्युतदाब मोजत होते. त्यांना दिसलं की वाकवलेल्या हाडाची दाबली गेलेली बाजू ऋणभारित होते आणि ताणली गेलेली बाजू धनभारित. मग त्यांनी उलट प्रश्न विचारला. भारामुळे वीज निर्माण होत असेल, तर भार न देता नुसती वीज दिली तर हाड वाढेल का? सशाच्या मांडीच्या हाडात त्यांनी तीन आठवडे अतिशय क्षीण प्रवाह सोडला, सुमारे एक मायक्रोअँपिअर, म्हणजे अँपिअरचा दहा लाखावा भाग. ऋण टोकाभोवती नवं हाड उगवलेलं दिसलं.

यासुदांच्या जोडीला आले एइइची फुकादा. ते भौतिकशास्त्रज्ञ. लाकूड दाबलं की त्यात वीज निर्माण होते हे त्यांनी आधी दाखवलं होतं. १९५७ साली या दोघांनी मिळून हाडाबद्दल तोच गुण सिद्ध केला. दाबामुळे वीज निर्माण होण्याचा हा गुण स्फटिकांमध्ये असतो, हे क्युरी बंधूंनी १८८० मध्येच शोधलं होतं. स्वयंपाकघरात गॅस पेटवायला आपण जो टकटक लायटर वापरतो, त्यात हेच होतं: आतल्या तुकड्यावर ठोका बसतो आणि ठिणगी पडते. हाडातली वीज त्याच्या पासंगालाही पुरणार नाही इतकी क्षीण असते, पण गुण तोच.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण लोकप्रिय लेखांमध्ये ती गाळली जाते. फुकादा-यासुदांचं हाड कोरडं होतं. आपलं हाड ओलं असतं. ओल्या, जिवंत हाडावर भार पडला की त्या सूक्ष्म नळ्यांमधला द्रव पुढे-मागे सरकतो, त्याच्यासोबत विद्युतभारित कण सरकतात, आणि त्यातून विद्युतदाब तयार होतो. ओल्या हाडातली बरीचशी वीज या दुसऱ्या मार्गानं येते, असं पुढच्या संशोधनात दिसलं. शिवाय सरकणाऱ्या द्रवाचं घर्षण पेशीला थेटही जाणवतं. म्हणजे वीज हा हाडाला मिळणारा एक निरोप आहे, एकमेव नाही. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आता अमेरिकेत जाऊ. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातले अँड्र्यू बॅसेट आणि सिराक्यूजचे रॉबर्ट बेकर यांनी १९६२ मध्ये हाडातल्या विजेवरचं आपलं काम प्रसिद्ध केलं. फिलाडेल्फियात फ्रीडनबर्ग आणि कार्ल ब्रायटन यांनी माणसांवर उपचार सुरू केले. १९७१ साली त्यांनी घोट्याचं न जुळलेलं हाड विजेच्या साहाय्यानं जुळल्याची नोंद केली. पुढे ब्रायटन यांनी सुमारे वीस मायक्रोअँपिअर प्रवाह वापरायची पद्धत बसवली. पण या पद्धतीत हाडात सुया किंवा तारा घालाव्या लागत. म्हणजे भूल आली, जखम आली, जंतुसंसर्गाचा धोका आला. आधीच दोन-तीन शस्त्रक्रिया सोसलेल्या रुग्णाला आणखी एक टोचणी.

बॅसेट यांच्या मनात आलं, सुई न घालता आत वीज पोचवता येईल का?

याचं उत्तर १८३१ सालीच लंडनमध्ये तयार होतं. मायकेल फॅरडे यांनी दाखवलं होतं की तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबक नुसतं ठेवलं तर काही होत नाही. चुंबक हलवलं, तर मात्र तारेत वीज वाहते. चुंबक कितीही मोठं असो, स्थिर असेल तर वीज नाही. क्षेत्र बदलायला हवं. कमी-जास्त व्हायला हवं, चालू-बंद व्हायला हवं. आजच्या व्याख्यानातलं एकच वाक्य घरी नेणार असाल तर हेच न्या: बदल हवा.

बॅसेट यांनी रॉबर्ट पॉलक आणि विद्युतरसायनतज्ज्ञ आर्थर पिला यांच्यासोबत प्लास्टरच्या दोन्ही बाजूंना तारेची वेटोळी बसवली आणि त्यांत विजेचे धक्के सोडले. वेटोळ्यांमधलं चुंबकीय क्षेत्र त्या तालात वाढायचं आणि ओसरायचं. चुंबकीय क्षेत्राला कापड, प्लास्टर, कातडी यांची आडकाठी नसते. ते थेट हाडापर्यंत जातं आणि बदलत असल्यामुळे तिथे क्षीण विद्युतक्षेत्र निर्माण करतं. १९७४ मध्ये त्यांनी कुत्र्यांच्या हाडांवरचे निष्कर्ष प्रसिद्ध केले, पाठोपाठ न जुळणाऱ्या हाडांच्या रुग्णांवरचे. १९७९ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं न जुळणाऱ्या हाडांसाठी या यंत्राला मान्यता दिली.

या क्षेत्राची ताकद किती? यंत्रागणिक फरक असतो, पण शिखर साधारण दोन मिलिटेस्लाच्या आसपास. आपल्या भागात पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र एका मिलिटेस्लाच्या चार शतांशांइतकं आहे. म्हणजे हे क्षेत्र पृथ्वीच्या सुमारे पन्नासपट. आणि एमआरआयचं मशीन? नेहमीचं मशीन दीड टेस्लाचं असतं, म्हणजे या यंत्राच्या साडेसातशेपट. मग जोरावरच सगळं असतं तर काय झालं असतं? गुडघ्याचा एमआरआय काढायला गेलेल्या प्रत्येकाचं हाड तिथेच भराभर जुळू लागलं असतं. तसं होत नाही. कारण इथे नुसता जोर कामाचा नाही. क्षेत्र कोणत्या तालात बदलतं, किती वेगानं बदलतं आणि किती तास दिलं जातं, यावर सारं अवलंबून आहे. बॅसेट यांच्या काळात रुग्ण दिवसाचे दहा-बारा तास वेटोळी बांधून असत. नंतरची काही यंत्रं तीन तासांची आली, काही अर्ध्या तासाची.

पेशीत नेमकं काय घडतं? प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर अशी क्षेत्रं सोडली की कॅल्शियमची ये-जा बदलते, हाड घडवणाऱ्या काही प्रथिनांचं उत्पादन वाढतं, दाह कमी करणारे काही ग्राहक जास्त जागे होतात, असं अनेक प्रयोगांत दिसलं आहे. हे काम महत्त्वाचं आहे. पण काचेच्या बशीतली पेशी आणि पस्तिशीचा, मधुमेह असलेला, नडगीची जखम चिघळलेला माणूस यांच्यात फार मोठं अंतर आहे. त्यामुळे मी इथे थांबत नाही.

आतापर्यंत काय हाती लागलं? हाड जिवंत आहे. भार पडला की त्यात वीज निर्माण होते. बाहेरून दिलेल्या विजेनं सशात नवं हाड उगवलं. बदलत्या चुंबकीय क्षेत्रानं आत वीज पोचवता येते. इथवर सगळं ठीक आहे. पण यातून माणसाचं हाड जुळतं, असं सिद्ध झालं का?

बॅसेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेकडो रुग्णांचे निकाल प्रसिद्ध केले. बहुसंख्यांची हाडं जुळली होती. ऐकणाऱ्याला वाटेल, आणखी काय हवं? पण हे रुग्ण यंत्र बांधत होते, तेव्हा आणखीही काही करत होते. पाय प्लास्टरमध्ये होता. पायावर भार टाकू नका असं सांगितलेलं होतं. रोज दहा-बारा तास एका जागी बसून राहणं आलं. डॉक्टर दर महिन्याला तपासत होते. यातल्या नेमक्या कशानं हाड जुळलं? यंत्रानं, विश्रांतीनं, प्लास्टरनं, की उशिरा का होईना ते आपोआप जुळणारच होतं? तुलनेला दुसरा गट नसेल तर हे सांगता येत नाही. कुणालाच नाही. मलाही माझ्या रुग्णांबद्दल सांगता येणार नाही.

हा पेच कसा सुटला ते सांगण्याआधी मला तुम्हाला दोनशे चाळीस वर्षं मागे, पॅरिसला न्यायचंय. कारण यंत्र चालू आहे की बंद हे रुग्णाला कळू न देता उपचार तपासायची पद्धत जिथे जन्मली, तिथलं भांडणही चुंबकाचंच होतं.

फ्रान्झ मेस्मर नावाचा व्हिएन्नातला वैद्य. आधी तो लोहचुंबकं वापरून उपचार करायचा. मग म्हणू लागला की चुंबकाची गरजच नाही, माझ्या शरीरातूनच एक चुंबकीय प्रवाह वाहतो आणि तो रोग बरे करतो. पॅरिसमध्ये त्याच्याकडे रीघ लागली. लोक थरथरायचे, बेशुद्ध पडायचे, बरं वाटलं म्हणायचे. १७८४ साली राजा सोळाव्या लुईनं चौकशी मंडळ नेमलं. त्यात रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए होते आणि त्या वेळी अमेरिकेचे फ्रान्समधले प्रतिनिधी असलेले बेंजामिन फ्रँकलिन होते. फ्रँकलिन पासीला राहत. तिथल्या बागेत मेस्मरच्या शिष्यानं जरदाळूच्या एका झाडात तो ‘प्रवाह’ भरला. मग बारा वर्षांच्या एका मुलाला डोळे बांधून बागेत आणलं आणि एकामागून एक झाडांपाशी नेलं. मुलगा चौथ्या झाडापाशी बेशुद्ध पडला. त्या झाडात काहीही भरलेलं नव्हतं. भारलेलं झाड तिथून दूर होतं.

त्या मुलाला मी खोटं ठरवत नाही. तो खरोखरच पडला. लोकांना खरोखरच बरं वाटत होतं. मंडळानं एवढंच दाखवलं की बरं वाटणं खरं असूनही त्याचं सांगितलेलं कारण खोटं असू शकतं. हे दोन प्रश्न वेगळे आहेत आणि वेगळेच विचारायला हवेत. पट्टा बांधल्यावर आजीचा गुडघा कमी दुखला, हे खरं असतं. त्यावरून पट्ट्यातल्या चुंबकाला श्रेय देता येतं का, हा दुसरा प्रश्न आहे.

आता इंग्लंडमधल्या शेफील्डला येऊ. तिथे अँथनी बार्कर, शॅरर्ड आणि त्यांचे सहकारी यांनी असे रुग्ण निवडले, ज्यांची नडगी वर्षभर जुळलेली नव्हती. सगळ्यांना प्लास्टर. सगळ्यांना भार टाकायला मनाई. सगळ्यांना दिसायला एकसारखं यंत्र. फरक एवढाच की काही यंत्रांतून चुंबकीय क्षेत्र निघत होतं आणि काही यंत्रं आतून मुकी होती. कुणाकडे कोणतं, ते रुग्णाला माहीत नव्हतं, तपासणाऱ्या डॉक्टरलाही नव्हतं. १९८४ मध्ये पहिले निकाल छापून आले. सोळा रुग्ण. चालू यंत्राच्या नऊ जणांपैकी पाच जणांची हाडं चोवीस आठवड्यांत जुळली. मुक्या यंत्राच्या सात जणांपैकी? पाच जणांची.

नवांत पाच आणि सातांत पाच. यंत्र मुकं असताना, वर्षभर न जुळलेली हाडं प्लास्टर आणि विश्रांती यांनीच जुळली होती.

आकडे लहान आहेत, हे मान्य. सोळा माणसांवरून कुणी शेवटचा निवाडा करू नये. पण तुलनेचा गट नसलेल्या शेकडो यशोगाथांमध्ये जे दिसू शकत नव्हतं, ते या सोळा जणांत दिसलं. आणि बार्कर हे चुंबकाचे विरोधक होते असं समजू नका. पुढच्याच वर्षी, १९८५ मध्ये, त्यांनी बदलत्या चुंबकीय क्षेत्रानं कवटीबाहेरून मेंदू उत्तेजित करून दाखवला. आज नैराश्यावरच्या एका उपचारात तेच तंत्र वापरतात. चुंबकावर विश्वास असलेल्या माणसानंच चुंबकाची कठोर परीक्षा घेतली, याबद्दल मला त्यांच्याविषयी फार आदर वाटतो.

गोष्ट इथे संपली असती तर मी आज ‘नाही’ एवढंच सांगून बसलो असतो. पण त्याच शॅरर्ड यांनी दुसरी चाचणी केली. या वेळी वर्षभर अडकलेली हाडं घेतली नाहीत. काही महिने झाले तरी जुळायला उशीर लागतोय, अशा नडग्या घेतल्या. पंचेचाळीस रुग्ण, बारा आठवडे उपचार. १९९० मध्ये निकाल आला. शल्यविशारदांच्या तपासणीनुसार चालू यंत्राच्या वीसपैकी नऊ जणांची हाडं जुळली, मुक्या यंत्राच्या पंचवीसपैकी तिघांची. हा फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

मग खरं काय? एका चाचणीत काही नाही, दुसरीत बरंच काही. अशा वेळी सगळ्या चाचण्या एकत्र मांडाव्या लागतात. २०११ साली कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या आढाव्यात, उशीर झालेल्या किंवा न जुळलेल्या लांब हाडांबद्दलच्या निकषांत बसणाऱ्या फक्त चार चाचण्या सापडल्या. मिळून रुग्ण एकशे पंचवीस. कल फायद्याकडे होता, पण योगायोगाची शक्यता नाकारता येत नव्हती. सत्तरच्या दशकापासून जगभर वापरात असलेला उपचार, आणि नीट तपासलेले रुग्ण एकशे पंचवीस! हे मला अस्वस्थ करतं.

त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातून एक मोठी चाचणी आली. ताजी मोडलेली नडगी, २५९ रुग्ण, निम्म्यांना चालू यंत्र, निम्म्यांना मुकं. पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याच्या प्रमाणात दोन्ही गटांत फरक आढळला नाही. म्हणजे नुकत्याच मोडलेल्या हाडाला या यंत्राचा फायदा होतो, याला आधार नाही.

२०१६ साली चुंबकीय आणि इतर विद्युत उपचारांच्या, मुकं यंत्र तुलनेला असलेल्या पंधरा चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. एक्स-रेवर हाड न जुळण्याचा धोका पस्तीस टक्क्यांनी कमी दिसला. दुखणंही थोडं कमी झालं. पण चालणं, काम करणं, रोजचे व्यवहार? त्याबद्दलची माहिती तुटपुंजी होती, आणि होती त्यात फरक दिसला नाही. एक्स-रे सुधारला, माणसाच्या आयुष्यात तितकी सुधारणा मोजता आली नाही.

शेजारच्याच एका उपचाराची गोष्ट इथे आठवते. क्षीण अल्ट्रासाउंडनं हाडं लवकर जुळतात, असं वर्षानुवर्षं सांगितलं जायचं. २०१६ मध्ये नडगी मोडलेल्या ५०१ रुग्णांवर मोठी चाचणी झाली आणि काहीच फायदा दिसला नाही. लहान चाचण्यांतली आशा मोठ्या चाचणीत विरून गेली. चुंबकाचंही असंच होईल असं मी म्हणत नाही. पण तेवढी मोठी परीक्षा चुंबकानं अजून दिलेली नाही.

माझं मत विचाराल तर सांगतो. हाड जुळायला उशीर झालाय, टोकं नीट समोरासमोर आहेत, मोडल्या जागी हालचाल नाही, जंतुसंसर्ग नाही, आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेत रुग्णाला मोठा धोका आहे, अशा मोजक्या लोकांसाठी बदलत्या क्षेत्राचं यंत्र वापरून पाहणं योग्य आहे. फायदा होण्याची शक्यता आहे, खात्री नाही, हे त्यांना आधी सांगून. बाकीच्यांसाठी नाही.

आणि बाजारातलं चुंबक? गळ्यातलं, मनगटावरचं, गादीतलं, पट्ट्यातलं? ते स्थिर असतं. फॅरडेंचा नियम तुम्हाला आता पाठ झालाय. स्थिर चुंबकातून हाडात तशी वीज निर्माण होत नाही. ‘रक्तात लोह असतं, चुंबक ते ओढून घेतं’ असं विक्रेते सांगतात. रक्तातलं लोह हिमोग्लोबिनच्या रेणूत बांधलेलं असतं, ते खिळ्यातल्या लोखंडासारखं वागत नाही. प्राणवायू घेतलेल्या रक्ताला चुंबक किंचित दूर ढकलतं, हे लायनस पॉलिंग यांनी १९३६ मध्येच दाखवलं. लोह ओढलं जात असतं तर एमआरआयमध्ये गेलेला माणूस जिवंत बाहेर आला नसता.

तरीही एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. जपानी शास्त्रज्ञांनी हाड घडवणाऱ्या पेशींवर आठ टेस्लाचं स्थिर क्षेत्र लावलं, तेव्हा त्या पेशी क्षेत्राच्या दिशेनं ओळीत लागल्या आणि नवं हाडही त्या दिशेनं घडलं. २००२ सालचं हे काम आहे आणि सुंदर काम आहे. पण आठ टेस्ला म्हणजे एमआरआयच्या पाचपटीहून जास्त. ते क्षेत्र निर्माण करायला अतिशीत विद्युतचुंबक लागतं. गळ्यातल्या लॉकेटच्या जाहिरातीला त्याचा दाखला देणं ही लोकांची फसवणूक आहे. अशा लॉकेटनं हाड मोडलेल्या माणसाचे पैसे जातात, हे एक नुकसान. खरं नुकसान वेळेचं होतं. सहा महिने पट्टा बांधून वाट पाहिली आणि आत जंतुसंसर्ग वाढत राहिला, असं घडू नये म्हणून मी आज इतकं बोलतोय.

कारण हाड न जुळण्याची कारणं बहुतेक वेळा साधी आणि शोधता येण्याजोगी असतात. दुचाकीच्या अपघातात नडगी उघडी पडते, तिथे मांस कमी, रक्तपुरवठा कमी. टोकांमध्ये फट राहते. पकड ढिली असते, हाड हलत राहतं. जंतू आत शिरलेले असतात. साखर आटोक्यात नसते. ड जीवनसत्त्व कमी असतं. आणि तंबाखू! विडी, सिगारेट तर आहेच, पण रुग्ण मळलेली तंबाखू आणि मिश्री डॉक्टरला सांगत नाहीत, डॉक्टरही विचारत नाहीत. निकोटिन रक्तवाहिन्या आकसवतं, धुरातून आलं काय किंवा गालातून आलं काय. फट हाडाच्या रुंदीच्या निम्म्याहून मोठी असेल, तर कोणतंही चुंबकीय क्षेत्र ती भरून काढत नाही. वाकडं बसलेलं हाड ते सरळ करत नाही. म्हणून यंत्राचा विचार करायच्या आधी ‘हाड का जुळलं नाही?’ हे डॉक्टरला विचारा. उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा. आणि घरात कुणाला पेसमेकर बसवलेला असेल, तर हृदयरोगतज्ज्ञाला विचारल्याशिवाय असं यंत्र अंगाला लावू नका.

शेवटी एक मागणी आहे, या व्यासपीठावरून जाहीरपणे करतो. आपल्या महाराष्ट्रातल्या मोठ्या सरकारी आणि महापालिकेच्या रुग्णालयांत मोडलेल्या नडगीचे रुग्ण कमी नाहीत. शेफील्डला सोळा मिळाले होते, पुढे पंचेचाळीस. आपल्याकडे चार-पाच वैद्यकीय महाविद्यालयांनी एकत्र यायचं ठरवलं, तर काही शेकडा रुग्णांची चाचणी आवाक्यातली आहे. फक्त उशीर झालेली हाडं घ्यायची. तंबाखू, साखर, जंतुसंसर्ग यांची नोंद आधीच करायची. निम्म्यांना चालू यंत्र, निम्म्यांना मुकं, आणि दोघांनाही तितकीच काळजी. एक्स-रे काढायचाच, पण मुख्य मोजमाप दुसरं ठेवायचं: माणूस आधाराशिवाय केव्हा चालू लागला आणि कामावर केव्हा परतला. निकाल ‘हो’ आला तर सरकारी योजनेत या यंत्राचा खर्च मागता येईल. ‘नाही’ आला तर गरिबाघरचे तेवढे पैसे वाचतील. सभागृहात वैद्यकीय महाविद्यालयांतले काही प्राध्यापक बसलेले मला दिसताहेत. व्याख्यानानंतर त्यांनी दहा मिनिटं थांबावं, एवढी विनंती करतो. बाकीच्यांचे प्रश्न आता घेतो.